दारापर्यंत चालत आलेली सेवा



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी मराठीची पहिली कविता पाठ केली, त्याच शाळेने आपल्या दिवंगत गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा माझ्या आयुष्यातील मोठा बहुमान आहे. विद्यापीठांच्या व्यासपीठांवर मी अनेकदा उभा राहिलो. परंतु आज पाय थोडे लटपटतात. समोरच्या भिंतीवर गुरुजींची तसबीर आहे आणि गृहपाठ न केलेल्या मुलाकडे ते ज्या नजरेने पाहात, त्याच नजरेने ती माझ्याकडे पाहते आहे असे वाटते.

निमंत्रणपत्रिकेतील विषय वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मराठीचा एक प्राध्यापक, ज्याने उभे आयुष्य संतवाङ्मय शिकवण्यात घालवले, तो गुरुजींच्या स्मरणार्थ बोलायला उभा राहतो आणि विषय निवडतो तो इगर्जीच्या सेवाकार्याचा, हे कसे? याचे उत्तर देण्यासाठीच मी आलो आहे. ते उत्तर मी चाळीस वर्षांपूर्वीच द्यायला हवे होते. दिले नाही, ही माझी चूक आणि आजच्या व्याख्यानाचे खरे कारण.

१९६५ च्या पावसाळ्यात माझे वडील वारले. ते एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहीत. मी चौदा वर्षांचा होतो, माझ्यामागे दोन बहिणी. गोवा मुक्त होऊन चार वर्षेही झाली नव्हती. देशभर धान्याची टंचाई होती. वडिलांच्या तेराव्यापर्यंत घरात माणसांची वर्दळ होती, तांदूळ होता, नारळ होते. चौदाव्या दिवशी घर रिकामे झाले. श्रावण संपेपर्यंत डबेही रिकामे झाले. आई स्वाभिमानी होती. दुपारी चुलीत ओल्या झावळ्या घालून ती धूर करी, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावे की यांच्याकडे स्वयंपाक चालला आहे. त्या धुराचा वास मला आजही येतो.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी, तिन्हीसांजेला इगर्जीची घंटा वाजून गेल्यावर, दोन माणसे आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. एक आमच्या वाड्यावर रोज सकाळी सायकलवरून पाव विकणारा पोदेर आणि दुसरा बाजारातला एक वयस्कर शिंपी. दोघांनी चपला पायरीखाली काढल्या. हातात एक पिशवी होती. ती त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली, जणू ती आपली नव्हेच अशा बेताने, आणि आईला म्हणाले, “बाय, आम्ही जरा बसायला आलो आहोत.”

आईने त्यांना बसायला सांगितले, पण पिशवीकडे पाहून तिने विचारले, “बाब, याच्या बदल्यात काय?”

हा प्रश्न उद्धट नव्हता. त्या प्रश्नामागे चार शतके उभी होती, आणि म्हणून आपण थोडे इतिहासात जाऊ.

श्रोतेहो, गोव्यातील चर्चच्या सेवाकार्याचा इतिहास फार जुना आहे. पोर्तुगालच्या राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने १४९८ मध्ये लिस्बन येथे ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे ‘दयेचे घर’, ही संस्था निघाली आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीच तिची शाखा गोव्यात आली. ख्रिस्ती परंपरेने शरीराच्या सेवेची सात कृत्ये सांगितली आहेत: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, वाटसरूला निवारा, आजाऱ्याची शुश्रूषा, बंदिवानाची भेट आणि मृताचे दफन. ही सातही कृत्ये त्या संस्थेने अंगीकारली. पुढे एकोणिसाव्या शतकात मडगाव येथे पाद्री मिरांडा यांनी स्थापिलेले ‘होस्पिसियो’ तर दीर्घकाळ दक्षिण गोव्याचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणून आपल्या परिचयाचे होते. किती हिंदू घरांतील मुले तिथे जन्मली असतील, याची गणती नाही.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू सांगितली नाही तर मी गुरुजींचा विद्यार्थी नव्हे. त्याच सोळाव्या शतकात, १५५९ मध्ये, हिंदू अनाथ मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती धर्मात वाढवण्याचा राजाचा हुकूम निघाला. पुढल्याच वर्षी धर्मसमीक्षण-न्यायालय आले आणि मधली चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकले. म्हणजे ज्या व्यवस्थेने अनाथाला छप्पर दिले, तिनेच अनाथ मुलाला त्याच्या नातलगांपासून तोडले. दया आणि दंडसत्ता एकाच हातात असली म्हणजे घेणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची सोय उरत नाही. आणि जिथे ‘नको’ म्हणता येत नाही, तिथे दिलेल्या घासाला सेवा म्हणता येत नाही. त्यात आमच्या घरी आजीने सांगितलेल्या गोष्टी होत्याच: विहिरीत पाव टाकला, नकळत लोक ते पाणी प्याले आणि गाव बाटला. या कथांत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा प्रश्न वेगळा. परंतु विधवेच्या मनातली भीती काही कागदपत्रे तपासून तयार होत नाही.

आता पुन्हा ओसरीवर येऊ. आईच्या प्रश्नावर पोदेर गप्प राहिला. शिंपी म्हणाला, “बदल्यात काही नाही. तुम्ही नको म्हणालात तर पिशवी परत नेऊ. पण बसायला पुढच्या गुरुवारी येऊ, तेवढे नको म्हणू नका.”

आईने पिशवी ठेवून घेतली. आत चार शेर तांदूळ, तूरडाळ, खोबरेल आणि रॉकेलची बाटली होती. पाव नव्हता. रोज पहाटे शेकडो उंडे भाजणारा तो माणूस आमच्या दारात कधीही पाव घेऊन आला नाही. आमच्या घरातली भीती त्याला ठाऊक होती आणि तिचा मान त्याने राखला. शिजवलेले अन्नही त्यांनी कधी आणले नाही. कोणाला काय द्यावे हे पुष्कळांना कळते. काय देऊ नये हे कळायला वेगळे शहाणपण लागते.

ही माणसे कोण होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. इगर्जीच्या कक्षेतील गावांना व वाड्यांना आपल्याकडे ‘फिर्गज’ म्हणतात. फिर्गजेतील सामान्य गृहस्थांनी चालवलेली संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची एक सभा असते. तिचे ते सभासद होते. या सभेची जन्मकथा गोव्यापासून फार दूरची आहे, पण ती सांगितल्यावाचून आमच्या ओसरीवर जे घडले त्याचा अर्थ लागणार नाही.

विन्सेंट हे सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू. १६१७ मध्ये ते शातियों नावाच्या एका लहान गावी होते. एका रविवारी त्यांना कळले की, गावाबाहेरच्या एका घरातील सारी माणसे आजारी पडली आहेत आणि त्यांना पाहणारे कोणी नाही. त्यांनी प्रवचनात ही गोष्ट सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले तेव्हा वाटेवर बायांची रीघ लागलेली दिसली. सारे गाव अन्न घेऊन जाऊन आले होते. दुसरा एखादा धर्मगुरू हे पाहून धन्य झाला असता. विन्सेंट अस्वस्थ झाले. त्यांच्या मनात आले की, आज इतके अन्न आले आहे की त्यातले बरेच नासेल, आणि उद्यापासून ही माणसे पुन्हा उपाशी राहतील. या लोकांत दया आहे, पण तिला व्यवस्था नाही. मित्रहो, आमच्या घरातील तेराव्या दिवसापर्यंतची वर्दळ आणि चौदाव्या दिवसाचा शुकशुकाट आठवा. शातियोंचे दुखणे ते हेच.

विन्सेंटनी त्या गावच्या स्त्रियांची एक मंडळी स्थापन केली आणि तिच्यासाठी नियम लिहिले. पाळी ठरवली; कोणी कोणत्या दिवशी जायचे हे ठरवले. आजाऱ्यापुढे ताट कसे मांडावे, त्याच्याशी प्रसन्न मुद्रेने कसे बोलावे, इतका बारकावा त्यांत आहे. त्यांतला एक नियम मी अनेकदा मनाशी घोळवला आहे: ज्या रुग्णाजवळ कोणी माणूस आहे त्याच्यापासून आरंभ करावा आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. साध्या दिनक्रमाच्या नियमात केवढी करुणा आहे पाहा.

दोनशे वर्षांनंतर, १८३३ च्या एप्रिलमध्ये, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या मोजक्या मित्रांसह विन्सेंटचे नाव घेऊन ही सभा सुरू केली. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ येऊन गेली होती. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात एका विरोधकाने प्रश्न केला की, तुमच्या धर्माने एकेकाळी मोठी कामे केली असतील. आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? ओझानामला हा प्रश्न झोंबला, आणि वादात उत्तर देण्याऐवजी तो कामाला लागला. रोझाली रान्द्यू नावाच्या एका धर्मभगिनीने या मुलांना गरिबांच्या वस्तीतील घरे दाखवली आणि तिथे कसे वागावे हे शिकवले. हाच ओझानाम पुढे सोरबॉन विद्यापीठात परकीय साहित्याचा प्राध्यापक झाला. दान्तेवर त्याने ग्रंथ लिहिला, आणि गरिबांच्या घरी जाणे अखेरपर्यंत सोडले नाही. साहित्याच्या प्राध्यापकाला वस्तीत जायला सवड नसते, असे म्हणण्याची सोय त्याने आमच्या व्यवसायाला ठेवली नाही.

त्याच्या सभेच्या पद्धतीत चार गोष्टी मुख्य आहेत. पहिली, गरजवंताला दारात बोलावायचे नाही. आपण त्याच्या घरी जायचे. दुसरी, एकट्याने नव्हे तर दोघांनी जायचे आणि ठरावीक दिवशी न चुकता जायचे. तिसरी, धर्म, पंथ विचारायचा नाही. चौथी, कोणाच्या घरी गेलो हे बाहेर बोलायचे नाही. सभेच्या बैठकीत वर्गणीची थैली फिरते तीही गुप्त. कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

पोदेर आणि शिंपी यांनी ही चारही व्रते पाळली. ते दर गुरुवारी येत आणि घटकाभर बसत. आईशी पावसाच्या, शेताच्या, मुलींच्या दुखण्याखुपण्याच्या गोष्टी करीत. मला वहीत काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगत. त्या दोघांनाही मराठी वाचता येत नव्हते, पण ऐकायला आवडे. तीन-चार महिन्यांनी शिंप्याने विचारले, “बाय, तुम्हाला शिवण येते का?” आईला हातशिवण उत्तम येत असे. पुढच्या आठवड्यात सभेच्या मालकीचे एक पायमशीन हातगाडीवरून आले. शिंप्याने तिला कापायला शिकवले आणि स्वतःच्या दुकानातले काम दिले. अडीच वर्षांत आईने स्वतःचे यंत्र घेतले. सभेचे यंत्र तेच दोघे घेऊन गेले. कोणाकडे नेले, हे आईने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

ते यंत्र गेले त्या दिवशी आई पोदेराला म्हणाली, “उद्यापासून आमच्याकडे पाव टाकत चला. पैसे महिन्याच्या शेवटी देईन.” तो नुसता हसला. आमच्या घरात पाव आला तो असा, विकत घेतलेला, आईच्या कमाईचा.

आता गुरुजींविषयी. वाड्यावरची काही प्रतिष्ठित मंडळी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली की, अमुक विधवा पाद्र्याचे तांदूळ खाते, उद्या मुले बाटतील. आपण समज द्या. गुरुजी पुढच्या गुरुवारी आमच्या ओसरीवर येऊन बसले. त्या दोघांचे बोलणे त्यांनी तासभर ऐकले आणि त्यांच्याबरोबरच उठून रस्त्यापर्यंत चालत गेले. तक्रार घेऊन आलेल्या मंडळींना त्यांनी इतकेच सांगितले, “त्या घरात चूल पेटत नव्हती तेव्हा आपण सगळे कुठे होतो, ते आधी पाहू. मीही त्यात आलोच.”

त्यानंतरच्या शनिवारी शाळेत निळ्या कापडाची थैली आली. माझ्या पिढीच्या माजी विद्यार्थ्यांना ती आठवत असेल. प्रार्थनेनंतर ती रांगेतून फिरे. नियम एकच होता: मूठ बंद करून आत घालायची आणि उघडी करून बाहेर काढायची. कोणाच्या मुठीत चवली असे, कोणाच्या मुठीत काहीच नसे. पहिले वर्षभर मी रिकामी मूठ घातली. शेजारच्या मुलाला ते कधी कळले नाही. माझ्या दारिद्र्याला शाळेत एक दिवसही मान खाली घालावी लागली नाही, ही गुरुजींची करणी. आणि ती युक्ती त्यांनी इगर्जीच्या सभेकडून घेतली होती. घेतली हे ते मोकळेपणी सांगत. चांगली गोष्ट कोणाच्या अंगणात उगवली यावरून ते तिची जात ठरवीत नसत.

थैलीत जमलेल्या पैशांतून वस्तू घेऊन दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक कोणाच्या तरी घरी जात. सोळाव्या वर्षी माझी पाळी आली. गुरुजी आम्हाला ज्या घरी घेऊन गेले ते माडावरून पडून कंबर मोडलेल्या एका ख्रिस्ती रेंदेराचे घर होते. आम्ही दारातच वस्तू ठेवून निघू लागलो तेव्हा गुरुजींनी मागून खांदा धरला आणि म्हणाले, “बसा. तांदूळ कोणीही पोचवील.”

सेवा आणि धर्मांतर हा वाद मराठी मनाला नवा नाही. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले व पुढल्या वर्षी पुण्यात गेले. १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत या कारणावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणावर सक्ती करीत नाही; मी प्रार्थना करते तेव्हा माझ्या खोलीचे दार मात्र बंद करणार नाही. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे होती. पुढे दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा केल्या आणि केडगावला त्यांना सांभाळले, हेही तितकेच खरे. या वादाचा सरसकट निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. मला एक कसोटी मात्र सापडली आहे, ती माझ्या आईच्या प्रश्नातून. घेणाऱ्याला ‘याच्या बदल्यात काय?’ असे निर्भयपणे विचारता येते का, आणि ‘नको’ म्हटले तरी देणारा पुढच्या गुरुवारी बसायला येतो का? या कसोटीला उतरते ती सेवा, मग ती इगर्जीची असो, मठाची असो की शाळेची. उतरत नाही तो व्यवहार, मग तो कोणाचाही असो.

आता माझ्या चुकीविषयी. १९८६-८७ च्या सुमारास राजभाषेच्या प्रश्नावरून गोव्यातले वातावरण किती तापले होते, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांना सांगायला नको. मी मराठीच्या बाजूचा होतो, आजही आहे. एका सभेत मी व्यासपीठावर होतो. एका वक्त्याने ओघात सांगितले की, चर्चची सारी सेवा म्हणजे गळाला लावलेले आमिष. टाळ्या पडल्या. माझ्यानंतर बोलणारे कोणी नव्हते. मला उठून एवढेच सांगायचे होते की, त्या तांदळावर मी वाढलो आहे आणि कोणी मला कधी काही मागितले नाही. मी उठलो, भाषेवर बोललो आणि खाली बसलो. टाळ्या मलाही पडल्या. आई तेव्हा हयात होती. वर्तमानपत्रात सभेचा वृत्तांत वाचून तिने विचारले, “तू काही बोलला नाहीस?” मी म्हणालो, “तो विषय नव्हता.” तिने पेपराची घडी घातली आणि आत निघून गेली.

काही वर्षांपूर्वी मी पोदेराच्या घरी गेलो. तो आणि शिंपी दोघेही केव्हाच निवर्तले होते. पोदेराच्या मुलाला मी सारी हकिकत सांगितली. त्याने आश्चर्याने विचारले, “पपा तुमच्या घरी येत होता? आम्हाला कधी बोलला नाही.” चौथे व्रत त्या माणसाने स्वतःच्या मुलापाशीदेखील पाळले होते. ज्याने आयुष्यभर ही गोष्ट लपवली त्याची ती थोरवी. आणि मीही ती लपवली, तो माझा भित्रेपणा. देणाऱ्याने मौन पाळावे. घेणाऱ्याने ते पाळू नये. म्हणून आज गुरुजींच्या तसबिरीसमोर मी हे बोललो.

मित्रहो, आता काळ बदलला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर धान्य हा बव्हंशी हक्काचा विषय झाला आहे आणि ते योग्यच आहे. हक्काने मिळेल ते उपकाराने घ्यावे लागू नये. पण आपल्या वाड्यांतून हिंडून पाहा. मुले आखातात, इंग्लंडमध्ये, मुंबई-पुण्याला. मोठ्या घरांत म्हातारी माणसे एकटी. फिर्गजेतील स्वयंसेवक आज तांदळापेक्षा अधिक वेळा औषधांच्या गोळ्या, वीजबिल आणि बांबोळीच्या इस्पितळातल्या रांगेची काळजी घेताना दिसतात. या म्हाताऱ्यांत तुळशीवृंदावनाचे अंगण असलेले आहेत आणि खुरसाचे अंगण असलेलेही आहेत. एकटेपणाला दोन्ही अंगणे सारखीच.

माजी विद्यार्थी संघाला माझी विनंती आहे. गुरुजींच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी निळी थैली बंद पडली. ती पुन्हा शिवावी. आईचे यंत्र माझ्याकडे अजून चालते, कापडही मी देईन. थैलीबरोबर महिन्यातली एक संध्याकाळ द्यावी, आणि दोघांदोघांनी जावे. ज्याच्याजवळ माणसे आहेत त्याच्यापासून आरंभ करावा. जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावे, म्हणजे परतण्याची घाई राहणार नाही. आणि गुरुजींनी खांदा धरून सांगितले होते ते विसरू नये: बसावे.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.